मावळातली सफारी

हल्ली प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती चाळल्या, की आफ्रिकेच्या सहलीचा एक ठरीव साचा दिसतो. आधी समुद्रकाठचे एखादे देखणे शहर आणि मग रान. केपटाउनला तीन दिवस राहायचे, टेबल माउंटनच्या सपाट माथ्यावरून अटलांटिक महासागर डोळे भरून पाहायचा, आणि तिथून विमानात बसून दूर ईशान्येला क्रूगरच्या रानात सिंह-हत्ती शोधायला जायचे. किंवा मोंबासाच्या पांढऱ्या वाळूत दोन दिवस लोळायचे आणि मग त्सावोच्या तांबड्या मातीत शिरायचे. पुण्या-मुंबईची पुष्कळ कुटुंबे आताशा ही सहल करून येतात आणि आल्यावर आपल्याला चहाला बोलावून फोटो दाखवतात. त्या फोटोंत एक गोष्ट मला नेहमी जाणवते. निम्मे फोटो लाटांचे असतात, निम्मे प्राण्यांचे. मधल्या वाटेचा मात्र एकही नसतो. मधली वाट सगळ्यांनी विमानात झोपून काढलेली असते.

मी पडले मराठीची मास्तरीण. कुठल्याही सहलीला निघण्याआधी मला शब्दांची बोचकी सोडून पाहण्याची खोड आहे. 'सफारी' म्हटले की आमच्या पिढीला प्रथम आठवतो तो वडिलांचा सफारी सूट. पण शब्द आहे पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतला आणि त्याचा साधा अर्थ 'प्रवास'. त्याचे मूळ अरबी. जो 'सफर' फारसीच्या पडवीतून आपल्या घरात आला, त्याचाच हा समुद्रापलीकडचा भाऊ. आणि खुद्द 'स्वाहिली' हे नावही अरबीच. 'सवाहिल' म्हणजे किनारे. गझलांतून भेटणारा 'साहिल' तो हाच. म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांच्या बोलीने आतल्या मुलखाच्या वाटचालीला नाव दिले. बंदर आणि रान ही जोडी जाहिरातवाल्यांनी जमवली असे आपल्याला वाटते, पण ती त्या शब्दांतच आधीपासून बसलेली आहे.

हे सगळे मी उकरून काढले त्याला निमित्त घडले माझ्या आतेभावाचे. आत्याचे सासरे १९५१ साली मुंबईहून बोटीने मोंबासाला गेले आणि पुढे नैरोबीला रेल्वेच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटले. त्या काळी या मार्गावर धावणाऱ्या बोटींची नावे 'कम्पाला' आणि 'करंजा'. आत्या म्हणे, 'करंजा' हे नाव ऐकले की दर वेळी मला दिवाळीच्या फराळाचीच आठवण येते. आता त्या घराची तिसरी-चौथी पिढी तिकडे नांदते आहे. गेल्या डिसेंबरात आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले आमच्याकडे लोणावळ्याला यायची होती. आधी फोनवर त्याने फर्मावले, "आमच्याकडे पाहुणे आले की आम्ही दोन दिवस मोंबासा आणि तीन दिवस त्सावो दाखवतो. तुमच्याकडे काय बेत?"

आमचे हे पलीकडून म्हणाले, "दोन दिवस मुंबई आणि तीन दिवस चिक्की!"

त्यावर सगळे हसले; पण धाकट्याने, वय वर्षे दहा, फोन हातात घेऊन मला गंभीरपणे विचारले, "आत्या, तुमच्याकडे बिग फाइव्ह आहेत?" बिग फाइव्ह म्हणजे सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडा आणि बिबट्या. आफ्रिकेत सफारीला गेलेल्या माणसाने हे पाच पाहिले की त्याचे पैसे वसूल. आता आली का पंचाईत! मुलाला खोटे सांगायचे नाही, आणि आपल्या मुलखाला उणेपणाही येऊ द्यायचा नाही. शिवाय मनातून मलाही पाहायचे होते, की आमच्या मावळात दाखवण्यासारखे खरोखर काय उरले आहे. मी म्हटले, "तू वही घेऊन ये. काय दिसते ते आपण लिहून काढू."

सुरुवात मुंबईने झाली. गेटवेपासून लाँचने घारापुरीला गेलो. घारापुरीच्या लेण्यांतल्या त्या भव्य त्रिमूर्तीपुढे वहिनी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. धाकट्याचे लक्ष वेगळीकडे. बेटाचे 'एलिफंटा' हे नाव ऐकून तो हत्ती शोधत होता. बेटावर पूर्वी दगडात कोरलेला एक मोठा हत्ती होता, त्यावरून पोर्तुगिजांनी हे नाव ठेवले. पुढे इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना तो खाली पडून फुटला. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि सांधून आज तो हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या दर्शनाला गेलो. धाकट्याने त्याच्या सांध्यांवर नजर फिरवली आणि वहीत पहिली नोंद केली : 'हत्ती, १. दगडी. दुरुस्त केलेला.'

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो. वहिनींना मोंबासा आठवले. तिथे पोर्तुगिजांनी १५९३ साली बांधायला घेतलेला फोर्ट जीझस आहे. आपल्या वसईच्या आणि चौलच्या किल्ल्यांचा तो भाऊबंदच. भर गावात रस्त्यावर हस्तिदंतांच्या आकाराच्या प्रचंड धातूच्या कमानी आहेत. "खऱ्या दातांचा व्यापार याच बंदराकडे चालायचा," आतेभाऊ समुद्राकडे हात करून म्हणाला. ते खरेच आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडचे हस्तिदंत गलबतांतून मुंबईला उतरे. दोन्ही किनाऱ्यांवर एकच वारा वाहत होता. पावसाळ्यात तो इकडे येई आणि हिवाळ्यात तिकडे जाई, आणि गलबते त्या वाऱ्याबरोबर ये-जा करीत.

तिसऱ्या दिवशी लोणावळ्याला निघायचे होते. आतेभाऊ मोटार ठरवीत होता, पण मी हट्टाने सगळ्यांना आगगाडीत बसवले. मुंबई ते लोणावळा १२८ किलोमीटर. त्यातला शेवटचा, कर्जतपासूनचा २८ किलोमीटरचा घाट हाच माझ्या मते या सहलीचा गाभा. कर्जतला पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात, कारण चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. मुले खिडकीला चिकटली. बोगदा आला की अंधार, संपला की दरी. धाकटा बोगदे मोजू लागला आणि मध्येच आकडा चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

मग त्याने आम्हाला त्यांच्या रेल्वेची गोष्ट सांगितली. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात बांधला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले, त्यांत बहुसंख्य पंजाबकडचे. १८९८ साली त्सावो नदीवर पूल बांधत असताना दोन सिंह रात्री तंबूंत शिरून माणसे उचलून नेऊ लागले. काम बंद पडायची वेळ आली. अखेर पॅटर्सन नावाच्या इंजिनिअरने ते मारले. आज ते सिंह पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयात ठेवलेले आहेत. नैरोबी हे शहरच मुळी १८९९ साली या रेल्वेच्या तळातून उभे राहिले. पोराने गोष्ट अशी रंगवली, की समोरच्या बाकावरची मंडळी आपले डबे उघडे ठेवून ऐकत राहिली.

"आता आमच्या घाटाची ऐका," मी म्हटले. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी सुरू झाली. पंचवीस बोगदे, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत अठराशे फुटांहून अधिक चढ. ऐन भरात बेचाळीस हजार माणसे या डोंगराला भिडलेली होती. कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. तेव्हा त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट आपल्या नावावर चालवले आणि काम तडीस नेले. थोरली, वय चौदा, एवढा वेळ कानात गाणी घालून बसली होती. तिने ती काढली. "बाईने? तेव्हा?" तिने विचारले.

आमच्या घाटात माणसे खाणारा सिंह नव्हता, पटकी होती. कड्यावरून दोरीला लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारी, पावसाळी छावण्यांत एका रात्रीत गारठणारी माणसे हजारोंनी गेली. युगांडा रेल्वेवर अडीच हजारांच्या आसपास हिंदी मजूर दगावले. बोरघाटातले बळी त्याहून कितीतरी अधिक. पण सिंहाची गोष्ट होते, पटकीची होत नाही. घाटातल्या जुन्या सडकेवर शिंग्रोबाचे लहानसे देऊळ आहे. लोककथा अशी, की साहेबाला वाट सापडेना, तेव्हा गुरामेंढरांमागे हा डोंगर तुडवणाऱ्या शिंग्रोबा धनगराने ती दाखवली आणि इनाम म्हणून त्याला गोळी मिळाली. इतिहास म्हणून ही कथा कितपत टिकेल ते टिको. वाट आधी जनावरांना ठाऊक होती, मग गुराख्याला आणि शेवटी साहेबाला, एवढे तिच्यातले सार मला तरी पटते. आमची चिक्कीसुद्धा या मजुरांच्या शिदोरीतल्या गुडदाणीतून जन्मली, असे जुनी माणसे सांगतात.

लोणावळ्याला उतरलो तो शनिवार होता. रस्त्यावर मोटारींची रांग, भोंगे, आणि प्रत्येकाला पुढे जायची घाई. वहिनी हसून म्हणाल्या, "आमच्याकडे म्हणतात, हराका हराका, हैना बराका." घाईघाईत बरकत नाही! मला तर खजिना सापडल्यासारखे झाले. 'बराका' म्हणजे आपली बरकत, हे उघडच आहे. पण 'हराका'ही आपल्या ओळखीचा निघाला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. आफ्रिकेत जाऊन तो घाई झाला आणि मराठीत येऊन 'हरकत' झाला. एकाच आजोळचे शब्द, पण एकाने धावायला घेतले आणि दुसऱ्याने अडवायला. मात्र धाकट्याने 'सिम्बा' म्हणजे आपला 'सिंह'च ना, असे विचारले तेव्हा त्याला नाही म्हणावे लागले. तो शब्द आफ्रिकेच्या बांटू भाषांचा स्वतःचा आहे, साम्य केवळ योगायोगाचे. दिसायला सारखे ते सगळे नातलग नसतात.

पहिल्या संध्याकाळी वळवणच्या धरणावर नेले. पाण्याकडे बोट दाखवून मी मुलांना म्हटले, काल मरीन ड्राइव्हवर ज्या दिव्यांच्या माळा पाहिल्या, त्यांचे माहेर हे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. टाटांनी वळवण, शिरवटा, लोणावळा इथे तळी बांधून ते पाणी अडवले आणि नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडले. १९१५ साली तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे खालच्या शहराचा दिवा वरच्या पावसावर पेटला. आणि आणखी एक मौज. इंद्रायणी याच परिसरात उगम पावते आणि देहू-आळंदीला वळसे घालीत पूर्वेकडे, भीमा-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. तर जवळच राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली उल्हास नदी पश्चिमेला वसईच्या खाडीत उतरते. शेजारशेजारच्या दोन डोंगरांवर पडलेले थेंब दोन समुद्रांना मिळतात.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याला गेलो. पायऱ्या चढताना धाकटा कुरकुरत होता. पण वर पोचल्यावर लेण्याच्या दाराशी उभा दगडी खांब पाहून थबकला. खांबाच्या माथ्यावर चार सिंह! "सिम्बा!" आवाज सगळ्या अंगणात घुमला. आत व्हरांड्याच्या दोन्ही भिंतींना हत्तींच्या रांगा, जणू वरचे मजले त्यांच्याच पाठीवर तोललेले. या हत्तींना पूर्वी खरे हस्तिदंत बसवलेले होते, असे जाणकार सांगतात. "मग ते कुठे गेले?" त्याने विचारले. आतेभाऊ हलकेच म्हणाला, "सगळीकडचे जिथे गेले तिथेच."

कार्ल्याचे चैत्यगृह हे आपल्या देशातले सर्वांत मोठे. लांबी सुमारे १२४ फूट, उंची ४६ फूट, वय दोन हजार वर्षे. आणि छताच्या लाकडी कमानी अजून त्याच जुन्या. दोन्ही बाजूंच्या खांबांवर गुडघे टेकून बसलेले हत्ती, त्यांवर जोडीजोडीने बसलेली माणसे. आणि मागे वळून पाहिले तर घोडे आणि वाघ. धाकट्याला वहीत जागा पुरेना. मी थोरलीला खांबांवरची अक्षरे दाखवली. हे खांब कुण्या राजाने एकट्याने दिलेले नाहीत. सोपाऱ्याहून, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याहून, आलेल्या सतिमित नावाच्या एका बौद्ध पठणकाराने एक खांब दिला आहे. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांकडून आलेल्या किंवा त्यांचे नाव लावणाऱ्या लोकांनी, कित्येक दिले आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठने तर हे सबंध जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह असल्याचे कोरून ठेवले आहे. बंदरात उतरलेला माल बोरघाट चढून वर येई, आणि माल नेणारी माणसे इथे विसावा घेत. किनाऱ्यावरच्या पैशातून सह्याद्रीच्या कुशीत हे हत्ती-सिंह कोरले गेले.

तेवढ्यात ढोल वाजू लागला. लेण्याच्या दाराशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. ही मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळ्यांची कुलदेवता. गळाभर सोने ल्यालेल्या कोळणी, डोक्यावर परड्या, मागे नाचत येणारी पोरेसोरे. चैत्रात तर इथे पालखीला मुंगीला वाट मिळत नाही. समुद्रावर जगणाऱ्या माणसांची देवी डोंगरात, आणि वर्षातून एकदा तरी मासळीची टोपली खाली ठेवून घाट चढून यायचे, हा नेम! आपण ज्याला आज नवी सहल म्हणतो, ती कोळी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. फरक एवढाच, की ती मधली वाट चालतात आणि वाटेवर गातात.

रात्री धाकटा वही घेऊन माझ्याशेजारी बसला. दगडी प्राणी खूप झाले, पण खरे? मी त्याला आमच्या मुलखातली नावे लिहून दिली. खंडाळ्याचा सुळका, ज्याला साहेब ड्यूकचे नाक म्हणाला, त्याचे आपले नाव नागफणी. लोहगडाची पुढे गेलेली सोंड तो विंचूकाटा. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हा लोहगड आहे. घाटमाथ्यावर वाघजाई. पलीकडे टायगर पॉइंट. नाग, विंचू, वाघ. जिथून प्राणी निघून गेले तिथे नाव मागे राहिले. चिखलात पाऊल उमटावे तसे ते भाषेत उमटले आहे. मराठीच्या शिक्षिकेला दाखवता येतात ती एवढीच पाऊलखुणा, असे मी मनात म्हटले.

पण तिसऱ्या दिवशी खरी दिसली. पहाटे तुंगार्लीहून राजमाचीकडे जाणाऱ्या मातीच्या रस्त्याला लागलो. गावचे एक वयस्क शेतकरी वाटाड्या म्हणून बरोबर होते. एरवी लोणावळ्यात आलेली मंडळी रानात शिरली की आधी गाणी लावतात. ही मुले मात्र गाडीतून उतरल्यापासून एक शब्द बोलेनात. मी विचारले, तर थोरली ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "सफारीत बोलायचं नसतं." त्यांना लहानपणापासून शिकवलेले. आरडायचे नाही, काही फेकायचे नाही, प्राण्याला खायला घालायचे नाही, सांगितल्याखेरीज पुढे पाऊल टाकायचे नाही. आणि त्या गप्प बसण्याने काय जादू केली! इतकी वर्षे मी या वाटेने गेले, पण रानकोंबड्याचे आरवणे इतक्या जवळून कधी ऐकले नव्हते. करवंदीच्या जाळीतून मुंगसाचे अख्खे कुटुंब रस्ता ओलांडून गेले. दरीवर एक ससाणा हवेत टांगल्यासारखा स्थिर राहिला. मुले बोटाने एकमेकांना दाखवत होती, आणि त्यांच्यामुळे मला दिसत होते.

एका ओढ्याच्या काठी ओल्या मातीत धाकटा एकदम खाली बसला. चार बोटे, मध्ये गादी, नखांची खूण नाही. त्याने वर पाहिले. "चुई," तो म्हणाला. स्वाहिलीत बिबट्याला चुई म्हणतात. वाटाड्या आजोबांना ती भाषा कुठली यायला! पण त्यांनीही त्याच क्षणी वाकून पाहिले आणि म्हणाले, "वाघरू. रातीचंच हाय."

दोन भाषा, दोन खंड आणि एकच पाऊल. मी हे केवळ अलंकार म्हणून म्हणत नाही. त्या पाचांपैकी आफ्रिकेतला हत्ती वेगळ्या जातीचा आणि आपला वेगळ्या. गेंडा वेगळा, रानरेडा वेगळा. सिंह मूळ एकाच जातीचा खरा, पण आपल्याकडे तो आता फक्त सौराष्ट्रात, गीरच्या आसपास उरला आहे. बिबट्या मात्र तिकडे त्सावोत आणि इकडे आमच्या मावळात, एकाच जातीचा प्राणी. पोराने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले : 'बिबट्या, १. खरा.'

"भीती नाही वाटत?" वहिनींनी आजोबांना विचारले.

"भ्या कसलं? माज्या बापाच्या टायमाला बी व्हता. गेल्या साली माजी एक शेळी नेली त्यानं."

"मग राग नाही येत?"

"येतो की. पन त्याला बी प्वाट हाय. आपन गोठ्याचं दार नीट लावावं."

एवढे बोलून आजोबा पुढे चालू लागले. त्यांच्या मागे आम्ही. त्सावोचे रान १९४८ साली राखीव केले. त्याचे दोन्ही भाग मिळून आमच्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून मोठे आहे. तिथे प्राण्यांसाठी जागा वेगळी आहे आणि माणसांसाठी वेगळी. आमच्याकडे अशी वाटणी नाही. इथे बिबट्या, शेळी, शाळेची वाट आणि शनिवार-रविवारचे बंगले एकाच डोंगरउतारावर आहेत. हा संसार आजवर चालला तो त्या आजोबांसारख्यांच्या सोसण्यावर. पण आता उतारच्या उतार तारांच्या कुंपणांत जात आहेत, रात्रभर दिवे आणि गाणी चालू असतात, आणि बिबट्याला नेमकी वाट उरत नाही. आपण शहरातली माणसे इथे दोन दिवस येतो, आणि माकडाला वेफर्स घालून, दरीत बाटली भिरकावून परत जातो. पाण्याशीही तसेच. २०२४ सालच्या ३० जूनला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे डोळ्यांदेखत वाहून गेली, त्यांत लहान मुले होती. सिंहाच्या रानात गाडीचे दार उघडायचे नाही, हे आपण आफ्रिकेत निमूट पाळतो. पावसाळ्यातला सह्याद्री हेही रानच आहे, हे मात्र घराजवळ आलो की विसरतो.

म्हणून वाचकांना सुचवावेसे वाटते. परदेशी जाणाऱ्यांनी खुशाल जावे. मोंबासाला गेलात तर तिथून त्सावोला २०१७ पासून नवी आगगाडी जाते, विमान सोडून तीत बसा. पण त्याआधी मुलांना एकदा ही आपली जोडसहल घडवा. पहिले दोन दिवस मुंबई, घारापुरी आणि राणीच्या बागेतला तो सांधलेला हत्ती. मग दिवसाच्या उजेडात आगगाडीने घाट. मग कार्ले, समोरच्या डोंगरातले भाजे, जमल्यास लोहगड. आणि एक पहाट, फक्त एकच, रानवाटेवर गावचा माणूस सोबत घेऊन आणि तोंड मिटून. शनिवार-रविवार टाळा. हिवाळा निवडा. वही विसरू नका.

पाहुणे गेले त्यानंतर मला एक गोष्ट राहून राहून आठवते आहे. आपली दिवाळी सुरू होते वसुबारसेला, आश्विन वद्य द्वादशीला. त्या दिवशी शहरात आपण गाय-वासराची पूजा करतो, गाय नसली तर पाटावरच्या चित्राची. आमच्या उत्तरेच्या डोंगरांत, जुन्नर-आंबेगावपासून अकोल्यापर्यंत, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, खीर शिजवतात, आणि आमच्या गुराढोरांना सांभाळ असे त्यालाच सांगतात. जो खाणार, त्याच्याचकडे राखण मागायची! एकाच तिथीला गायीचाही सण आणि वाघाचाही. यंदा आमच्या घरी पाटावर दोन चित्रे मांडणार आहोत. दुसरे नैरोबीहून आले आहे. धाकट्याने वहीतले पान फाडून पाठवले आहे. त्यावर ओढ्याकाठचे ते पाऊल आहे, आणि खाली दोन नावे लिहिली आहेत : चुई, वाघरू.